आबांची दुपार आणि दोन मायक्रोवेव्ह : मंगळवार पेठेतल्या एका घराचं प्रकरण

मी कोल्हापुरात घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन आणि गेली दहा-बारा वर्षं मायक्रोवेव्ह. या घरात मी दुरुस्तीला तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा बिघाड वेगळा निघाला. चूक मात्र एकच होती, आणि तिच्यात थोडी माझीही होती. घरच्यांना विचारूनच लिहितोय. नावं घातलेली नाहीत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत.

पार्श्वभूमी

मंगळवार पेठेतलं जुनं दुमजली घर. खाली सोपा, आबांची खोली आणि मागं स्वयंपाकघर. आबा ७६ वर्षांचे, लष्कराच्या सिग्नल विभागातून, म्हणजे संदेश पाठवायच्या खात्यातून, निवृत्त. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी वारल्या. मुलगा, त्यांना मी दादा म्हणतो, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला जातो. वहिनी शिक्षिका आहेत. सकाळी साडेदहाला बाहेर पडतात, साडेपाचला घरी येतात. नात तेव्हा बारावीला होती, कॉलेज संपलं की क्लास. म्हणजे दुपारभर घरात आबा एकटे.

वहिनी सकाळी सगळा स्वयंपाक करून जायच्या आणि आबा एक वाजता आमटी-भाजी गॅसवर गरम करून जेवायचे. हॉटपॉटमधलं कोमट जेवण त्यांना चालायचं नाही. "वाफ दिसल्याबिगर जेवल्यागत वाटत न्हाई," म्हणायचे.

अडचण

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीच्या महिन्याभरात गॅस तीनदा चालू राहिला. पहिल्या दोन वेळा थोडक्यात निभावलं. तिसऱ्यांदा आमटी आटून पातेलं लाल झालं, भिंतीवरची फडकी काळी पडली आणि आबा सोप्यात पेपर मांडीवर घेऊन झोपलेले. शेजारच्या मावशींना वास आला म्हणून त्यांनी दार बडवलं. त्या संध्याकाळी वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या, असं दादांनी मला नंतर सांगितलं. आबा कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते जेवलेच नाहीत. गॅसजवळ जायची त्यांना भीती वाटायला लागली होती आणि ते त्यांना कबूल करवत नव्हतं.

म्हणून नेमका प्रश्न असा होता: ज्यांना विसरायला होतं अशा माणसानं एकट्यानं, आगीशिवाय, रोज एक वेळचं जेवण गरम कसं करायचं? या प्रश्नात केक नव्हता, तंदुरी नव्हती. खरेदीच्या दिवशी नेमकं हेच निसटलं.

कोणते पर्याय होते

दुपारी तासभर कुणी बाई यावी, हा पहिला विचार. आबांनी तो एका वाक्यात उडवला, "मला वाढायला माणूस लागतंय व्हय?" चांगला थर्मासचा डबा घ्यायचा तर वाफेचा प्रश्न राहत होता.

इंडक्शन शेगडीचा विचार झाला आणि पाच मिनिटांत मागं पडला. त्यावर आणखी विचार व्हायला हवा होता, असं मला आजही वाटतं. इंडक्शनला स्टीलची भांडी चालतात, फक्त बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. आबांचा हात तर आयुष्यभर स्टीलवरच बसलेला. पण घरातली निम्मी पातेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. ती चालणार नाहीत. शिवाय टायमर लावायचा राहिला तर इंडक्शनवरही आमटी आटतेच. विसरणं हाच मूळ त्रास असताना 'न विसरता टायमर लावा' या अटीला काही अर्थ राहत नाही.

मायक्रोवेव्हचं तसं नाही. वेळ दिल्याशिवाय तो चालूच होत नाही आणि वेळ संपली की स्वतःहून थांबतो. या घरासाठी तो घ्यावा असं ठरलं ते बरोबरच ठरलं. कोणता घ्यायचा, तिथं गडबड झाली.

पहिली खरेदी

बाजारात ओट्यावर ठेवायचे मायक्रोवेव्ह तीन जातीचे मिळतात. 'सोलो' फक्त सूक्ष्मलहरींनी अन्न गरम करतो. 'ग्रिल'मध्ये वर तापणारी दांडी असते. 'कन्व्हेक्शन'मध्ये याच्या जोडीला हीटर आणि पंखा असतो, त्यामुळं तो भट्टीसारखा आतून तापतो आणि त्यात केक, बिस्किटं, भाजलेलं चिकन होतं.

घरची मंडळी २० लिटरचा सोलो घ्यायला गेली होती, साधारण सहा हजारांचा. दिवाळीची गर्दी, दुकानात केकचा वास, नातीची हौस आणि हप्त्याची सोय. येताना २८ लिटरचा कन्व्हेक्शन घेऊन आली, साडेतेरा हजारांचा. पुढच्या पट्टीवर बावीस बटणं. मी मोजली आहेत. पनीर टिक्क्याला वेगळं बटण, ढोकळ्याला वेगळं, आणि 'वाटीभर आमटी गरम कर' असं म्हणायला चार बटणं ओळीनं दाबायची.

दुकानदाराला मी दोष देणार नाही. त्यानं विचारलं, "काय काय करायचंय यात?" आणि तिघांनी आपापली हौस सांगितली. आबा त्या दिवशी घरीच होते.

पहिली फेरी : प्लग

पंधरा दिवसांनी मला बोलावणं आलं, "प्लगला वास मारतोय." जाऊन बघतो तर ओव्हन फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेला. त्याचा जाड पिनांचा, १६ अँपियरचा प्लग भिंतीतल्या ६ अँपियरच्या सॉकेटमध्ये बसत नव्हता, म्हणून मध्ये कन्व्हर्टर घातलेला. तो कन्व्हर्टर तपकिरी झाला होता आणि एका पिनेभोवतीचं प्लास्टिक बुडबुड्यासारखं फुगलेलं.

इथं थोडं गणित सांगतो, कारण अर्ध्या कोल्हापुरात हेच चालतं. डब्यावर '९०० वॅट' लिहिलेलं असतं ती अन्नाला मिळणारी शक्ती. यंत्र विजेतून किती घेतं ते मागच्या पट्टीवर असतं. या ओव्हनवर कन्व्हेक्शनसाठी २२०० वॅट होतं. २३० व्होल्टला भागलं की साडेनऊ अँपियर. ज्या सॉकेटवर फार तर मिक्सर चालवावा, त्यातून केक होईपर्यंत पाऊण तास साडेनऊ अँपियर ओढले जात होते. त्याच वायरवर फ्रिजही होता. वर तिसरी पिन नुसती नावाला. टेस्ट लॅम्प लावला तर अर्थिंग नव्हतंच.

मी बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर ओढली, १६ अँपियरचा सॉकेट आणि वेगळा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा खटका, बसवला, अर्थिंग दुरुस्त केलं. ओव्हन फ्रिजवरून उतरवून ओट्याच्या कोपऱ्यात आणला. मागं चार बोटं आणि वर वीतभर जागा मोकळी सोडली, कारण गरम हवा बाहेर जायला वाट लागते. शिवाय फ्रिजच्या डोक्यावरून, डोळ्यांच्या उंचीवरून, उकळत्या आमटीची वाटी ७६ वर्षांच्या माणसानं उतरवायची म्हणजे ती कधी ना कधी अंगावर येणार.

काम चोख झालं. पैसे घेतले आणि गेलो. हा ओव्हन कोण वापरतं, हे मी विचारलं नाही. माझी चूक ती ही. ओट्याशेजारच्या रॅकवर ओळीनं लावलेल्या स्टीलच्या वाट्या मला दिसल्या होत्या, आणि त्या दिसूनही मी बोललो नाही.

दुसरी फेरी : वितळलेला डबा

जानेवारीत वहिनींचा फोन आला. आवाज कापत होता. "घरभर धूर झालाय, आबा ठीक आहेत, तुम्ही या."

आदल्या रात्री नातीनं केक केला होता. आबांना त्या दिवसापर्यंत चार बटणांची एकच ओळ पाठ करून दिलेली: सुरुवात वरून तिसऱ्या बटणाला, शेवट खालच्या हिरव्याला. त्या दिवशी त्यांचं बोट एक घर चुकलं. ओव्हन १८० अंशांवर भट्टीसारखा तापायला लागला आणि आत भाजीचा प्लास्टिकचा डबा. झाकणावर 'मायक्रोवेव्ह सेफ' असा छापही होता. पण तो छाप सूक्ष्मलहरींपुरता असतो, भट्टीच्या उष्णतेला नव्हे. असे डबे बहुधा पॉलीप्रॉपिलीनचे असतात आणि ते साधारण १६० अंशांच्या आसपास वितळतं. डबा जाळीवरून मधासारखा ओघळून काचेच्या थाळीवर थिजला होता. मेथीची भाजी त्यात अडकलेली, हिरवी ती हिरवीच.

आबा खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. मी थाळी खरवडत असताना ते म्हणाले, "माझ्यामुळं दुसऱ्यांदा झालं बघ हे."

मला फार वाईट वाटलं. बावीस बटणांचं यंत्र त्यांच्यापुढं ठेवलं ते त्यांनी नव्हतं, आणि मन खात होतं ते त्यांचंच. मी खुर्ची ओढून त्यांच्यापुढं बसलो. विचारलं, "आबा, तुम्हाला कुणी सांगितलंय का हे चालतं कसं?"

नव्हतं सांगितलं. मी सांगायला घेतलं. आत मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते, दुसऱ्या महायुद्धात रडारला वापरायचे तीच जात. १९४५ मध्ये अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं की या लहरींनी अन्न तापतं. आबा सरसावून बसले. "म्हंजे रडारच की हे!" मग तेच मला विचारायला लागले, फ्रिक्वेन्सी किती? २४५० मेगाहर्ट्झ. मनात हिशेब केला आणि म्हणाले, "बारा सेंटिमीटरची लाट." अगदी बरोबर.

त्यानंतर मला फारसं समजवावं लागलं नाही. स्टील का चालत नाही, हा प्रश्न त्यांना महिनाभर छळत होता. "मिलिट्रीत सगळं स्टीलातच जेवलो, मग हितं स्टीलनं काय घोडं मारलंय?" रडारला विमान दिसतं ते धातू लहरी परत फेकतो म्हणून. वाटीचंही तेच. स्टीलच्या वाटीत लहरी फक्त वरून शिरतात, बाजूनं नाही, म्हणून आमटी वर गरम आणि खाली गार. आणि धातूची पातळ कड, काटा, कपाचा सोनेरी काठ किंवा भिंतीला टेकलेला डबा असला की तिथं ठिणग्या उडतात. दाराच्या जाळीचं त्यांनी स्वतःच ओळखलं: भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, लाट बारा सेंटिमीटरची, ती बाहेर कशी येणार? गल्लीतल्या कुणीतरी 'त्यानं कॅन्सर होतो' म्हणून त्यांना घाबरवलं होतं. दार उघडताक्षणी आतले स्विच मॅग्नेट्रॉन बंद करतात आणि दिवा विझल्यावर उजेड जसा मागं राहत नाही तशा या लहरीही अन्नात राहत नाहीत, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. दार नीट लागत नसेल, वाकलं असेल, तर मात्र ओव्हन चालवायचा नाही, हेही सांगितलं.

दुसरा निर्णय

संध्याकाळी दादा आल्यावर आम्ही ओट्यापाशी उभे राहून बोललो. दुकान खोका फोडलेला माल परत घेणार नव्हतं, म्हणून त्यापुढचे तीन मार्ग होते. आहे तोच ठेवून नको ती बटणं चिकटपट्टीनं झाकायची. आबांना पुन्हा शिकवायचं. नाहीतर हा विकून साधा घ्यायचा.

चिकटपट्टीला मी विरोध केला. पट्टी सुटते, आणि खालचं बटण दाबलं जातंच. पुन्हा शिकवण्याला वहिनींनी विरोध केला. त्या म्हणाल्या, "ते शिकतील हो, पण चुकले की आठवडाभर जेवत नाहीत." त्यावर बोलायला काही उरलं नाही.

कन्व्हेक्शन इचलकरंजीच्या नात्यातल्या एका घरी नऊ हजारांना गेला. नात दोन दिवस रुसली. घरात २० लिटरचा सोलो आला: दोन गोल खटके, वरचा शक्तीचा, खालचा वेळेचा. घेतो ११०० वॅट, म्हणजे पाच अँपियरच्या आत. यात भट्टी नाही, त्यामुळं डबा वितळेल असं बटणच नाही.

अशा चावीच्या टायमरमध्ये एक खोड असते. दोन मिनिटांच्या आत नेमकी वेळ धरत नाही, म्हणून खटका आधी पुढं फिरवून मग मागं आणायचा. मी ते सांगितलं तेव्हा वहिनींनी कपाळाची लाल टिकली काढून दीड मिनिटावर लावली आणि पाकिटातली दुसरी तीन मिनिटांवर. वरचा खटका एका जागी ठेवला, त्याला कुणी हात लावायचा नाही. "एक टिकली भाजीला, दुसरी आमटीला, आबा."

भांडी आणि जेवण

खरं काम इथून पुढं होतं, आणि ते वहिनींनी केलं. बोरोसिल काचेच्या तीन वाट्या आणि काचेचं झाकण आणलं. त्या वाट्या ओव्हनच्या शेजारी, आबांच्या हाताच्या उंचीवर. स्टील सगळं वरच्या फळीवर. सकाळी त्या आमटी-भाजी काचेच्या वाटीतच काढून फ्रिजमध्ये ठेवायला लागल्या. आबांनी वाटी काढायची, झाकण तिरकं ठेवायचं, टिकलीपर्यंत फिरवायचं. भांडं बदलायचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही.

पहिल्या महिन्यात काही गोष्टी ठेचा खाऊन कळल्या. भाकरी मिनिटभर ठेवली की चामड्यासारखी होते, कारण तिच्यातलं पाणी निघून जातं. ओलसर फडक्यात गुंडाळून वीस सेकंद, बास. भातावर पाण्याचा हबका मारायचा. घट्ट भाजी मधोमध गार राहते, कारण लहरी दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात. म्हणून अर्ध्यात ढवळायची आणि वाफ सगळीकडून आली तरच खायची. अंडं कवचासकट कधीच नाही, ते फुटतं. दूध एकाएकी वर येतं, म्हणून वाटी अर्धीच भरायची. नुसतं पाणी उकळायचं असलं तर आत लाकडी चमचा ठेवायचा. नाहीतर न उकळता तापून राहतं आणि हात लागला की उसळतं.

रविवारचा तांबडा रस्सा उरला की सोमवारी तो गरम होतो. त्याच्यावरची तर्री तडतडून उडते आणि झाकण नसेल तर आतल्या भिंतीवर लाल शिंतोडे बसतात. त्या शिंतोड्यांमुळंच मी तिसऱ्यांदा गेलो.

तिसरी फेरी : पुठ्ठ्यासारखा तुकडा

पुढच्या पावसाळ्यात ओव्हनमध्ये ठिणग्या उडायला लागल्या. मी गावाला होतो. घरच्यांनी दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं न उघडता सांगितलं, मॅग्नेट्रॉन गेलाय, साडेतीन हजार. सहा हजारांच्या ओव्हनला साडेतीन हजार! दादा नवीनच घ्यायला निघाले होते. आबा म्हणाले, "त्या पोराला येऊ द्या आधी."

आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा असतो, अभ्रकाचा. लहरी त्यातून आत येतात. त्यावर रश्श्याचं तेल बसून जळालं होतं. जळलं की त्याचा कोळसा होतो आणि तिथंच ठिणगी पडते. बोटाच्या पेराएवढं काळं भोक पडलं होतं. नवा अभ्रक कात्रीनं मापात कापला आणि बसवला. दीडशे रुपयांत काम झालं. अन्न गरम होत असेल आणि फक्त ठिणग्या येत असतील तर आधी हा तुकडा बघा, हे मी प्रत्येक घरात सांगतो. तो बाहेरून दिसतो, बाहेरूनच निघतो. मागचं कव्हर मात्र घरी कुणीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या पुढं दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. त्या धक्क्यानं माणूस जातो.

तेव्हापासून वहिनी रोज रात्री आतून ओल्या फडक्यानं पुसतात आणि पाण्याचा पेला आत ठेवून देतात. आबांनी चुकून रिकामा फिरवला तर लहरींना शोषायला काहीतरी असावं म्हणून.

आजची स्थिती

दोन वर्षं होत आली. सकाळी बाहेर पडताना वहिनी सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करतात. गॅस एकदाही चालू राहिलेला नाही. विसरणं थांबलं नाही, ते थांबणारही नाही. महिन्यातून एक-दोनदा घंटी वाजून गेलेली असते आणि आमटीची वाटी संध्याकाळी आत तशीच सापडते. ती वहिनी टाकून देतात, आणि मग आबा दुपारी काय खाल्लं ते सांगत नाहीत. हा प्रश्न ओव्हनचा नाही, पण घरात तो आहेच.

चहाचं गणित मात्र जुळलं नाही. मायक्रोवेव्हमधला चहा आबांनी एकदा प्यायला आणि कप तसाच ठेवला. थर्मासमधलाही नको. आता ते चार वाजता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीवर जातात. तिथं त्यांच्यासारखेच तिघं-चौघं जमतात.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीला आबांना न्यायला हवं होतं. दुकानात त्यांच्या हातानं खटका फिरवून बघायला पाच मिनिटं लागली असती. साडेचार हजारांचं नुकसान आणि त्याहून मोठं ते जानेवारीतलं दुःख टळलं असतं. वायरिंग ओव्हन येण्याच्या आधी तपासायला हवं होतं. मागच्या पट्टीवरचे वॅट दुकानातच वाचता येतात.

इंडक्शनला पुरेसा वेळ दिला नाही, हे वर सांगितलंच. वहिनी अजूनही म्हणतात की स्टीलची सवय मोडणं आबांना जड गेलं. मला वाटतं, रडारची गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली असती तर तेवढं जड गेलं नसतं. त्यांना 'हे करू नका' एवढंच सांगितलं जात होतं. का, ते कुणी सांगत नव्हतं.

आणि पहिल्या फेरीला मी विचारायला हवं होतं. आता मायक्रोवेव्हच्या कामाला कुठंही गेलो की हत्यारं बाहेर काढण्याआधी विचारतो, दुपारी याच्यापुढं कोण उभं असतं, आणि हातात कोणतं भांडं असतं.

गेल्या महिन्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वहिनींचा फोन होता, टिकल्या झिजल्यात, दुसरं काही लावता येईल का. मी एम-सील घेऊन गेलो, दोन्ही खुणांवर गव्हाच्या दाण्याएवढे उंचवटे केले. आबांनी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि पहिल्या दाण्यावर थांबवला.